विश्लेषण : पावश्या ओरडला, मृग लागला... मग पेरणी करायची का?

मे महिना संपत आला की फोनवर ठरावीक छायाचित्रे फिरू लागतात. कावळ्याचे घरटे, टिटवीची चार अंडी, पिवळाधमक बहावा आणि खाली ‘यंदा पाऊस चांगला’ असा मजकूर. थंड देशांतला शेतकरी वसंतात जमीन गोठण्याचे दिवस सरले का, हे झाडापाखरांवरून ताडतो. महाराष्ट्रात वसंत म्हणजे पेरणीचा नव्हे, तर मशागतीचा आणि लग्नसराईचा काळ. इथे पेरणीची घडी मृगाशी बांधलेली आहे आणि तिचे संकेतही पावसाचे आहेत. त्यातले कोणते खरे ठरतात आणि ज्यांच्या भरवशावर बियाण्याची पिशवी फोडावी असे त्यात काय आहे, हे पाहायला हवे. कारण अंदाज चुकला तर पुढची पायरी दुबार पेरणीची असते.

परंपरेने कोणते संकेत पाहिले जातात?

यादी मोठी आहे आणि जिल्ह्यागणिक बदलते. बहावा पूर्ण फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असे जवळपास सगळीकडे मानतात. कावळ्याने आंबा, करंज अशा डेरेदार झाडावर घर केले तर पाऊसमान चांगले, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर कमी. घरटे झाडाच्या पूर्वेला असेल तर उत्तम, अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाणी फार होणार. अंडी जितकी, तितके महिने पाऊस. मुंग्या अंडी तोंडात धरून वर चढू लागल्या की पाऊस जवळ आला. सह्याद्रीच्या घाटात काजव्यांनी झाडे लखलखली की आठ-पंधरा दिवसांची सवड. कोकणात पहिल्या जोरदार पावसाबरोबर ओढ्यांतून उलटे वर येणारे चढणीचे मासे ही तर संकेतापेक्षा पोचपावतीच.

यातले बरेच काही मराठी वाचकांना ठाऊक झाले ते अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे. वनखात्यातल्या नोकरीत आदिवासी, पारधी आणि कोळी यांच्याकडून ऐकलेल्या खुणा त्यांनी लिहून ठेवल्या. परंपरा मात्र त्याहून फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पाऊस लगेच येणार असल्याच्या खुणांमध्ये कारण नसताना मुंग्यांनी अंडी हलवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे किमान दीड हजार वर्षे लोक मे-जूनमध्ये वारुळांकडे बघत आले आहेत.

पक्ष्यांना पाऊस खरेच आधी कळतो का?

पावश्यापासून सुरुवात करू, कारण ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा थेट सल्ला देणारा हा एकच पक्षी. हा कोकिळेच्या कुळातला. नर मादीला साद घालण्यासाठी ओरडतो, तेही उन्हाळा तापू लागल्यापासून, अनेकदा रात्रीसुद्धा. स्वतःचे घरटे बांधण्याची तसदी तो घेत नाही, मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. त्यामुळे त्याचे वेळापत्रक सातभाईंच्या विणीशी जोडलेले आहे आणि ती वीण अळ्या-किड्यांच्या मुबलकतेशी. पाऊस या साखळीत आहे, पण लांबून. पावश्या एप्रिलमध्येही ओरडतो आणि जुलैतही. एप्रिलमध्ये त्याचे ऐकून कोणी पेरत नाही, हे महत्त्वाचे. म्हणजे पूर्वीही त्याचा शब्द अखेरचा नव्हता.

चातकाची गोष्ट वेगळी. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी मध्य आणि उत्तर भारतात आफ्रिकेतून येतो आणि त्याचे आगमन नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास होते. दक्षिणेत काही चातक बारमाही आढळतात. २०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि भारतीय सुदूर संवेदन संस्था यांनी दोन चातकांना उपग्रह टॅग लावले. त्यांची नावे ‘मेघ’ आणि ‘चातक’. वाऱ्याच्या साथीने समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्याचे येणे आणि त्याच वाऱ्याने येणारा पाऊस यांचा संबंध असणे स्वाभाविक आहे. लोकसंकेतांपैकी ज्याला सर्वांत भक्कम आधार आहे, असा हाच असावा. तरीही चातक आला याचा अर्थ वारे सुरू झाले, एवढाच. तुमच्या गटनंबरात किती पाऊस पडणार, हे त्याला ठाऊक नाही.

टिटवीच्या अंड्यांचे गणित मात्र जरा गमतीचे आहे. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, क्वचित तीन. पावसाळाही जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा. त्यामुळे ‘चार अंडी, चार महिने पाऊस’ हे भाकीत दरवर्षी करता येते आणि दुष्काळी वर्षीही अंडी चारच असतात. कावळ्याचेही तसेच. गावात डेरेदार झाडे उरली नसतील तर तो बाभळीवर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर घर करतो. त्यावरून झाडांची स्थिती कळते, पावसाची नाही. जुळलेले वर्ष गावाच्या लक्षात राहते आणि न जुळलेले विसरले जाते, ही जगभरातल्या सगळ्याच भाकितांची सोय इथेही आहे.

मुंग्या, काजवे, बहावा यांना उद्याचा पाऊस दिसत नाही, पण आजची हवा कळते. तापमान, हवेतला दमटपणा, मातीतली ओल यातील बदलांना ते प्रतिसाद देतात. पावसाआधी या गोष्टी बदलतात, म्हणून संकेत अनेकदा जुळतो.

मृग नक्षत्राचा आणि पेरणीचा संबंध काय?

संकेतांमध्ये सर्वांत शिस्तीचा संकेत हा आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २७ भाग म्हणजे २७ नक्षत्रे आणि प्रत्येकात सूर्य साधारण १३-१४ दिवस राहतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी, ७ किंवा ८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस. घड्याळ आणि छापील दिनदर्शिका घरोघरी नव्हत्या, तेव्हा हे पावसाळ्याचे वेळापत्रक होते आणि ते हवामानशास्त्राशी बऱ्यापैकी जुळते. मोसमी पाऊस मुंबईत पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणजे मृगाचा पहिला आठवडा.

पण या वेळापत्रकात एक बारीक सरकणे आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. नक्षत्रे ताऱ्यांवर मोजली जातात आणि ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर ठरतात. आसाच्या संथ डुलण्यामुळे या दोन्हींत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवसाचा फरक पडतो. त्या हिशेबाने शिवकाळात सूर्याचा मृगप्रवेश ऋतूच्या तुलनेत आजच्यापेक्षा सुमारे पाच दिवस आधी होत असे आणि वराहमिहिराच्या काळात सुमारे तीन आठवडे आधी. मृग म्हणजे पेरणी, ही सांगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने घट्ट झाली हे खरे, पण ती दगडावरची रेघ नाही.

पंचांगातल्या वाहनांबद्दलही विचारले जाते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचे. एक उरला तर घोडा, दोन तर कोल्हा, मग बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि शून्य उरले तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस, असा संकेत. या हिशेबात ढग, वारा, समुद्राचे तापमान कुठेच येत नाही. शिवाय उत्तर सगळ्यांना एकच. चिपळूणलाही म्हैस आणि माणदेशातही म्हैस. तेवढ्यावरून माणदेशातल्या शेतकऱ्याने काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

भेंडवळची घटमांडणी कशी होते?

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांचा गोल घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, वडे, करंजी असे पदार्थ. पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून पीक-पावसाचे भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते आणि ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी येतात. याला शास्त्रीय आधार नाही. एका रात्रीत मुंग्या, वारा, पाखरे यांनी हलवलेल्या दाण्यांवरून चार महिन्यांचा पाऊस कळत नाही. लोक जमतात, पिकांविषयी बोलतात, हे त्याचे सामाजिक मोल आहे. बियाण्याची खरेदी त्यावर ठरवू नये.

मग फसगत नेमकी कुठे होते?

हंगाम जवळ आला, हे बहुतेक संकेत बरोबर सांगतात. चूक होते ती पहिल्या आणि दुसऱ्या पावसामधल्या खंडात आणि त्याबद्दल एकही पक्षी, झाड किंवा नक्षत्र काही सांगत नाही.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी मोसमी पाऊस दाखल झाला. मुंबईत तर सरासरीपेक्षा १६ दिवस आधी. राज्यात मे महिन्यातच रानात पाणी साचले. संकेत मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला, दोघांनाही पेरणीचा मोह व्हावा अशी स्थिती. मात्र मेअखेरीला मान्सूनची वाटचाल थांबली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागाला जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. कृषी विभाग त्या दिवसांत पेरणीची घाई करू नका, असे सांगत होता. त्याआधी २०२३ मध्ये उलटे घडले. केरळात पाऊस ८ जूनला आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोहोचला आणि बिपरजॉय चक्रीवादळाच्या काळात तिथेच अडकला. मुंबई गाठली २५ जूनला, योगायोगाने दिल्लीसोबत त्याच दिवशी. त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोन्ही वर्षी मृग ठरल्या तारखेलाच लागला होता.

‘मान्सून दाखल’ ही बातमीही पेरणीचा संकेत नव्हे, हे इथे सांगायला हवे. केरळातील आगमन जाहीर करण्याचे निकष ठरलेले आहेत. १० मेनंतर, निश्चित केलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस आणि त्याच्या जोडीला वाऱ्यांच्या व ढगांच्या अटी. अडीच मिलिमीटरने अंगणातली धूळ बसते. हा निकष वाऱ्यांची घडी बसल्याचे सांगतो, लातूरच्या किंवा वाशिमच्या काळ्या रानातल्या ओलीविषयी त्यात काहीही नसते.

अर्धवट ओलीत बी का मरते?

स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. मटकी भिजवली, मोड आले आणि मग ती उन्हात वाळवली, तर ती पुन्हा भिजवून मोड येत नाहीत. शेतातही तेच होते. सोयाबीनचे बी उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषते. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की मागे फिरता येत नाही. तीन-चार सेंटीमीटर खोलीवरच्या बियाला वरच्या ओलीत अंकुर फुटतो, मूळ खाली जायला लागते आणि खाली माती कोरडीच असते. त्यात चार दिवस कडक ऊन पडले की खेळ संपला.

काळ्या जमिनीत हा धोका जास्त. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते आणि पाणी पिण्याची तिची ताकद मोठी. ढोबळ हिशेबाने कोरड्या काळ्या मातीचा १० सेंटीमीटर थर भिजायला २० ते २५ मिलिमीटर पाऊस लागतो. उन्हाने उडून जाणारे पाणी वेगळेच. म्हणून कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको, असे दरवर्षी सांगतात. एवढ्या पावसात ओल फूटभर खाली जाते आणि पुढे आठ-दहा दिवस खंड पडला तरी रोप तग धरते.

दुबार पेरणीत फक्त बियाणे जात नाही. कपाशीच्या बीटी बियाण्याचे ४७५ ग्रॅमचे पाकीट २०२५-२६ साठी कमाल ९०१ रुपयांना होते आणि एकरी साधारण दोन पाकिटे लागतात. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलोच्या आसपास. त्यावर खत, पेरणीयंत्राचे भाडे, मजुरी. दुसऱ्यांदा दुकानात गेल्यावर हवे ते वाण मिळेलच असे नाही. मग घरातले सोयाबीन वापरावे लागते आणि नाजूक सालीच्या त्या बियाची उगवणशक्ती न तपासताच ते जमिनीत जाते. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजण्याची साधी चाचणी त्या घाईत राहूनच जाते. ७० किंवा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण पुरते, त्याखाली बियाणे वाढवावे लागते.

जुन्या लोकांकडे याचा संकेत नव्हता का?

होता, पण तो आभाळात किंवा झाडावर नव्हता. त्याला शब्द आहे ‘वाफसा’. पाऊस थांबल्यावर जादा पाणी निचरून जमिनीत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती अवस्था. वीतभर खोलीची मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. गोळा झाला आणि तो वरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला. गोळाच झाला नाही तर ओल कमी, हाताला चिकटला तर जास्त. पावश्याची हाक पाभर आणि बियाणे बाहेर काढण्यासाठी होती, चाड्यावर मूठ धरायची ती वाफसा पाहून. फोनवर फिरणाऱ्या मजकुरात संकेतांचा पहिला भाग तेवढा उरला आणि दुसरा गळाला. संकेतांची बदनामी झाली आहे ती मुख्यतः त्यामुळे.

मृगाचा किडा हा असाच जमिनीतला साक्षीदार. लाल मखमलीसारखा दिसणारा हा जीव खरे तर किडा नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या नात्यातला. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीत काढतो आणि माती चांगली भिजली की वर येतो. म्हणजे तो पाऊस येणार हे सांगत नाही, ओल मुरली हे सांगतो आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच जास्त कामाचे. पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमते तेही पाऊस पडून गेल्यावर. अडचण एवढीच की पूर्वी बांधाबांधावर दिसणारा हा मखमली जीव आता अनेक गावांत लहान मुलांना दाखवायला शोधावा लागतो.

वाऱ्याचा संकेतही दुर्लक्षित राहतो. वळीव दुपारनंतर येतो, कडकडाट करतो, कधी गारा टाकतो आणि रस्त्याच्या एका बाजूला कोसळून दुसरी बाजू कोरडी ठेवतो. मान्सून स्थिरावला की वारा पश्चिम-नैऋत्येकडून दिवसरात्र वाहतो, गडगडाट कमी होतो आणि रिपरिप सुरू होते. वळवाचे ५० मिलिमीटर आणि मान्सूनचे ५० मिलिमीटर मोजपात्रात सारखेच, मात्र पुढचा पाऊस कधी येईल याची शक्यता दोन्हींत वेगळी.

मग धूळपेरणी चालते ती कशी?

वरवर हे सगळ्याच्या उलट वाटते. कोकणात मेअखेरीस धूळवाफेवर भाताची रोपवाटिका पेरतात, काही भागांत कपाशीही कोरड्यात टोबतात. पण पूर्ण कोरड्या मातीतले कोरडे बी झोपून राहते. मुंग्या, उंदीर, पाखरे यांनी थोडेफार नेले तरी बाकीचे पावसाची वाट पाहू शकते. धोका अर्ध्या ओलीत असतो. कोकणात पाऊस सुरू झाला की सहसा जोमाने येतो, म्हणून तिथे हा डाव जमतो. मराठवाड्यात सोयाबीनसाठी तो खेळणे अवघड आहे. खानदेशात मेअखेर-जूनच्या सुरुवातीला ठिबकवर कपाशी लागते, पण तिथे पाणी विहिरीचे असते.

फोनवरचा अंदाज कसा वाचावा?

यलो, ऑरेंज, रेड हे इशारे मुसळधार पाऊस, वीज, वादळ यांसाठी असतात. यलो अलर्ट आला म्हणून ओल होईल, असे नाही. पेरणीसाठी उपयोगी दोन गोष्टी आहेत. एक, हवामान विभाग दर गुरुवारी देतो तो पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज, ज्यात खंडाची चाहूल लागू शकते. दुसरी, मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा जिल्हानिहाय कृषी सल्ला. तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांच्या काही भागांत सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तयार केलेले अंदाज संदेशाने पाठवले. त्यांचा भर होता शेतकऱ्याच्या भागात सलग पाऊस कधी सुरू होईल यावर, केरळच्या तारखेवर नाही. मधला खंडही त्यात आधी सांगितला गेला होता.

पडलेला पाऊस मात्र आपल्या रानातच मोजावा. राज्यातील महावेध प्रकल्पाची केंद्रे महसूल मंडळ पातळीवर आहेत आणि मंडळात अनेक गावे येतात. सरळ उभ्या बाजूंचा कोणताही डबा झाडापासून दूर, मोकळ्या जागी ठेवला आणि रोज सकाळी पट्टीने पाण्याची उंची पाहिली तरी काम भागते. एक सेंटीमीटर म्हणजे १० मिलिमीटर. पाऊस भांड्यात मोजण्याची कृती वराहमिहिराच्या ग्रंथातही आहे, त्यामुळे परंपरा मोडल्याची खंत नको.

थांबण्यालाही किंमत असते, हे मान्य. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पेरले तर उत्पादन घटते आणि काढणीत पाऊस गाठतो. सोयाबीन आणि कपाशीला १५ जुलैपर्यंत मुभा आहे. त्यापुढे तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी असे पर्याय उरतात. मृग ७-८ जूनला लागतो आणि पुनर्वसू संपायला १९-२० जुलै उजाडतो. सोयाबीनवाल्याच्या हातात त्यातले पाच आठवडे असतात.